तुझ्या देवीला राग येतो का?

अनेक आशीर्वाद.

तुझ्या कथेतल्या, चूल, धान्य आणि कुटुंब राखणाऱ्या देवीची पानं दोनदा वाचली. पहिल्यांदा सलग, दुसऱ्यांदा पेन्सिल हातात घेऊन. खुणा केलेली प्रत सोबत पाठवते आहे. त्यातल्या सगळ्या खुणा मानायला हव्यात असं मुळीच नाही, पण एक गोष्ट समासात मावेना म्हणून हे पत्र.

आधी नावाचं बोलू. ‘अग्निधान्यरक्षिणी’ वाचून मला हसू आलं, राग मानू नकोस. हे नाव कमी आणि तिच्याकडच्या खात्यांची पाटी जास्त वाटते. पोथीत ते शोभेल. पण मध्यरात्री पोर तापानं फणफणलंय, तेव्हा तुझ्या जगातली आई एवढं लांबलचक नाव घेईल? रोज तोंडात असलेलं नाव झिजून झिजून गुळगुळीत झालेलं असतं. मराठीत तर आयता योगायोग हाताशी आहे: राख आणि राखणं. रात्री विस्तव राखेत झाकून राखतात. ‘राखाई’ म्हटलं की राख आली, राखण आली आणि आईही आली. तुझं मोठं नाव पुजाऱ्यांना देऊन टाक, घरात राखाई चालू दे. पटलं नाही तर सोड. पत्रात मात्र मी तिला राखाईच म्हणणार.

आता खरं दुखणं. तुझी राखाई फार चांगली आहे. ती चूल विझू देत नाही, कणग्या रित्या होऊ देत नाही, लेकरांच्या उशाशी बसते. अख्ख्या लिखाणात तिनं एकदाही कुणाला ‘नाही’ म्हटलेलं नाही. मग लोक तिला घाबरत का नाहीत, आणि घाबरत नसतील तर हात तरी कशाला जोडतात? मागितलं काय नि न मागितलं काय, मिळणारच असेल, तर तिच्या पूजेची ती दोन पानं कुणासाठी?

चूल म्हणजे घराच्या मधोमध आणून ठेवलेला धोका. ज्यांनी रोज विस्तव सांभाळला त्यांच्या देवता बघ. लिथुआनियात गाबिया नावाची अग्नीची देवी आहे. रात्री निखारे राखेखाली झाकताना तिला जणू पांघरूण घालून निजवायचे. नीट निजवलं नाही, अपमान केला, तर ती ‘फिरायला निघते’ असं म्हणत, म्हणजे घराला आग लागते. केवढी मोठी गोष्ट किती साध्या शब्दांत! राखणारी नि जाळणारी एकच, आणि दोन्हींच्या मध्ये फक्त घरातल्या कुणाचा तरी हात.

इजिप्तची रेनेनुतेत तर नागीण होती. सुगीची, कोठारांची देवी, शिवाय बाळांना पाजणारी. आपल्याला वाटतं, नागीण आणि तान्हं बाळ, हे काय भलतंच! पण शेतात, धान्याच्या कोठारात कोण असतं? उंदीर, आणि उंदरांमागे साप. कापणी करणाऱ्याच्या पायाजवळ फणा निघायचा आणि तोच फणा दाणा वाचवायचा. कुणीतरी शेतात उभं राहून बघितलं होतं, म्हणून ती देवी अशी झाली. तू राखाईला सोनेरी केस आणि हातात कणसं दिलीस. ती चित्रातून आली आहेत, शेतातून नाहीत. तिच्या नखांत राख असेल का? अंगाला भुशाची खाज सुटत असेल का? मळणीच्या दिवसांत ती कुठे निजते?

आणखी एक पेच तू न बघताच ओलांडून गेलास की काय, असं वाटलं. चूल जागची हलत नाही. पीक दरवर्षी कापलं जातं, दरवर्षी पुन्हा उगवतं. एकीचा स्वभाव टिकण्याचा, दुसरीचा मरून परत येण्याचा. ग्रीकांनी त्या दोन वेगळ्या बहिणी केल्या. हेस्तिया चुलीची, मेजवानीत पहिला आणि शेवटचा मान तिचा, पण तिच्या कथा जवळजवळ नाहीतच, कारण ती घर सोडून कुठे जातच नाही. (कथा हवी तर कुणीतरी उंबरठा ओलांडावा लागतो, हे बिचारीच्या नशिबी नव्हतं.) दिमीतर धान्याची. तिची लेक पाताळात नेली गेली आणि ती रानोमाळ भटकली. तू दोघींना एका अंगात घातलंस, त्याला माझी हरकत नाही. पण शिवण कुठे आहे ते दाखव. तिथेच तुझी कथा आहे.

दिमीतरच्या जुन्या स्तोत्रातला एक प्रसंग सांगते, तो मनात घोळव. लेक हरवलेली ही देवी म्हाताऱ्या बाईच्या रूपात एलेउसिसला एका घरी दाई म्हणून राहते. घरातल्या तान्ह्या देमोफोनला ती दिवसा अमृतासारखं काहीतरी अंगाला चोळते आणि रात्री, आईबापांच्या नकळत, आगीत ठेवते. ओंडका ठेवावा तसा. त्याला अमर करायचं असतं. एका रात्री आई ते बघते आणि किंकाळी फोडते. देवी संतापून पोराला आगीतून काढून जमिनीवर ठेवते. आता तो इतर माणसांसारखाच मरणार.

तुझ्या देवीची तिन्ही खाती या एका खोलीत आहेत: विस्तव, धान्याची मालकीण आणि घरातलं मूल. चूक कुणाची? आईनं ओरडायला नको होतं? कुठली आई ओरडणार नाही? देवीचं रक्षण आणि आईचं रक्षण एकमेकांवर आदळलं आणि दोघी खऱ्या ठरल्या. पुढे हीच देवी जमिनीतून दाणा उगवू देत नाही, माणसं उपाशी मरायची वेळ येते, देवांचे यज्ञभाग थांबायची वेळ येते, तेव्हा कुठे लेक परत मिळते, तीही वर्षाच्या काही भागापुरतीच. धान्याची देवी लेकीसाठी दुष्काळ पाडते. म्हणजे तिच्या लेकीपुढे बाकीच्यांची लेकरं कुठे राहिली? असा एक प्रश्न राखाईपुढे टाक आणि मग तिला लगेच वाचवू नकोस.

तू ‘कुटुंबाचं रक्षण’ असं लिहितोस. कुणाचं कुटुंब? उंबरठा आला की आत आणि बाहेर आलंच. दोन घरांत एकच आड, पाऊस नाही, आणि दोन्ही घरांत राखाईची चूल. ती कुणाकडे बघेल? घर सोडून गेलेला मुलगा तिचा राहतो का? लग्न होऊन दुसऱ्या घरी गेलेली लेक कोणत्या चुलीची? ग्रीक लोक नवी वसाहत करायला निघाले की मूळ नगराच्या चुलीतला विस्तव सोबत नेत. तुझ्या जगातली माणसं काय नेतात? निखारा, की नुसती चिमूटभर राख? आणि वाटेत तो विझला तर?

चुलीजवळ बसणाऱ्या देवाला घरातलं सगळं ऐकूही येतं. चीनमध्ये चुलीचा देव वर्षअखेरीला स्वर्गात जाऊन घराचा अहवाल देतो, म्हणून निघण्याआधी त्याच्या ओठांना मध लावतात. मला हे फार आवडतं. राखाईनं ऐकलेलं एखादं भांडण तिच्या पोटात राहू दे, पुढे उपयोगी पडेल.

मंदिराची चार पानं मात्र काप. खांब, घुमट, मूर्तीचे दागिने, सगळं. रोममध्ये चुलीची देवी वेस्ता हिच्या गोल मंदिरात तिची मूर्तीच नव्हती, अग्नी हीच ती. सहा कुमारिका तो राखत, प्रत्येकीची सेवा 30 वर्षांची. अग्नी विझला तर जबाबदार कुमारिकेला फटके बसत आणि लाकडावर लाकूड घासून नवा अग्नी काढावा लागे. तुझ्या चार पानांऐवजी पहाटे डोळा लागलेली एक पोरगी आणि समोर काळी पडलेली राख, एवढंच लिहून बघ.

आठव्या पानावर ती थोरली सून सगळे निजल्यावर राख बाजूला सारते, एक निखारा जिवंत सापडतो आणि ती फुंकर घालायच्या आधी मागे वळून बघते. तिथे मी पेन्सिल लावलेली नाही. ती कुणाला बघते, ते तू लिहिलं नाहीस. तुला माहीत आहे का?