ब्लॉकमुळे वाचलेले पैसे कुणाच्या खिशात?

पुण्यातल्या धायरीच्या एका वाचक ताईंचं पत्र आलंय. दोन गुंठ्यांच्या प्लॉटवर तळमजला आणि वर एक मजला, मिळून 2,000 स्क्वेअर फुटांचं घर बांधायला काढलंय. कॉन्ट्रॅक्ट मटेरियलसकट 2,100 रुपये स्क्वेअर फुटाने दिलंय. गृहकर्ज 35 लाखांचं, साडेआठ टक्क्यांनी. प्लिंथ (जोतं) झाली, तळमजल्याचे कॉलम उभे आहेत. आता कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, लाल विटेऐवजी एएसी ब्लॉक (हवेचे कप्पे असलेल्या हलक्या काँक्रीटचे ठोकळे) लावू, तीन लाख वाचतील, पण दर वाढायच्या आत बुकिंग करायला दोन लाख ॲडव्हान्स द्या. ताईंकडे चार लाखांची एफडी आहे. ती अर्धी मोडावी का, आणि वाचणाऱ्या पैशांत मॉड्युलर किचन बसवावं का, असे दोन प्रश्न आहेत.

ताई, ब्लॉक जरूर लावा. एफडीला मात्र हात लावू नका, आणि किचनचा विचार सध्या बाजूला ठेवा.

वस्तू चांगलीच आहे. सिमेंट, चुना, फ्लाय ॲश किंवा वाळू, थोडं जिप्सम आणि चिमूटभर ॲल्युमिनियमची पावडर यांचा लगदा फुगवतात आणि दाबाखालच्या वाफेत पक्का करतात. आत हवेचे लाखो बारीक कप्पे राहतात, म्हणून ब्लॉक हलका. हे तंत्र 1920 च्या दशकात स्वीडनमध्ये निघालं. शिर्के उद्योगसमूहाने ते सिपोरेक्स या नावाने पुण्यात आणलं, त्यामुळे आपल्याकडचे जुने मिस्त्री आजही कुठल्याही एएसी ब्लॉकला सिपोरेक्सच म्हणतात.

आता तीन लाखांकडे येऊ. कॉन्ट्रॅक्टरने यातले निम्मे पैसे स्टीलमध्ये वाचतील असं सांगितल्याचं तुम्ही लिहिलंय. मुळात हे खोटं नाही. 10 फूट उंच, 9 इंची विटेची भिंत रनिंग फुटाला साधारण 400 किलो भरते, 6 इंची ब्लॉकची 100 किलोच्या आसपास. वीस-बावीस मजल्यांच्या टॉवरमध्ये हा फरक फार मोठा होतो आणि बिल्डर ब्लॉककडे वळले त्याचं हे एक मोठं कारण आहे. पण तुमचं फूटिंग (कॉलमखालचा पाया) आणि प्लिंथ बीम विटेच्या वजनावर डिझाइन होऊन ओतूनही झालेत. तिथलं स्टील काही परत यायचं नाही. राहिले वरचे बीम. आरसीसी कन्सल्टंटने (कॉलम-बीमचं डिझाइन करणाऱ्या इंजिनिअरने) नव्याने गणित करून सुधारित ड्रॉइंग सहीनिशी दिलं तरच तिथे थोडं वाचेल. तसं ड्रॉइंग हातात नसेल तर स्टीलची बचत शून्य धरा. आणि कन्सल्टंटला न विचारता सळ्या कमी करायला अजिबात परवानगी देऊ नका. पुणे भूकंपाच्या तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या झोनमध्ये येतं.

खरी बचत भिंतींत आहे. तुमच्या 40 बाय 25 च्या घराला दोन्ही मजल्यांवर मिळून, दारं-खिडक्या वजा जाता, बाहेरची भिंत सुमारे 2,080 स्क्वेअर फूट होते. आतली 2,000 धरली आहे. विटेने बाहेर 9 इंच आणि आत 4 इंच बांधलं तर साधारण 31,500 विटा लागतील. तुम्ही कळवलेल्या 9 रुपये दराने त्या 2,83,500 रुपयांच्या. ब्लॉकने बाहेर 6 इंच पुरतात, त्यामुळे तूट धरून 50 घनमीटर माल लागेल. घनमीटरला 3,900 दराने तो 1,95,000 चा. विटेच्या बांधकामातलं सिमेंट आणि वाळू वाचते, आतला प्लास्टर पातळ होतो. उलट बाजूला जॉइंटिंग मॉर्टर (ब्लॉक जोडायचा मसाला), जाळी आणि सिल-लिंटेलचे, म्हणजे खिडकीच्या खालचे आणि वरचे काँक्रीटचे पट्टे यांचा खर्च वाढतो. सगळं इकडून तिकडे करून माझ्या हिशोबाने सव्वा लाखाच्या आसपास बचत दिसते. सव्वा लाख म्हणजे चांगली रक्कम आहे, पण तीन लाख नव्हे.

हे सव्वा लाख कुणाचे, हा मला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न वाटतो. तुमचं कॉन्ट्रॅक्ट मटेरियलसकट आहे. विटा असोत की ब्लॉक, तुम्ही 2,100 नेच पैसे देणार. म्हणजे दर तोच राहिला तर वाचलेला प्रत्येक रुपया कॉन्ट्रॅक्टरचा. सव्वा लाख भागिले 2,000 म्हणजे स्क्वेअर फुटाला 62 रुपये. ब्लॉकला होकार देण्याआधी दर 2,050 वर आणायला सांगा आणि तसं पुरवणी करारात लिहून घ्या. उरलेले 12 रुपये त्याला राहू द्या, मिस्त्री नवा लावावा लागेल त्याला.

याच कारणाने ॲडव्हान्सची मागणीही मला पटत नाही. माल आणणं त्याच्याच दरात धरलेलं आहे. शिवाय दोन लाखांत सगळेच ब्लॉक येतात, म्हणजे एक ट्रकही साइटवर उतरायच्या आत तुम्ही पूर्ण किंमत मोजणार. बँक कामाच्या टप्प्याप्रमाणे पैसे सोडते, ब्लॉकचे पैसे त्या टप्प्यातून जाऊ देत. फारच अडून बसला तर ट्रक उतरल्यावर, तुमच्या नावाचं चलन पाहून, थेट डीलरच्या खात्यात भरा आणि पुढच्या रनिंग बिलातून वळते करा.

एफडीबद्दल थोडं जास्त सांगतो. 20 वर्षांच्या मुदतीने तुमचा हप्ता 30,374 रुपये बसेल. घरखर्च 50,000 धरला तर चार लाख हे जेमतेम पाच महिन्यांचे आहेत. दोन मुलं शाळेत असताना आणि अर्धं घर उभं असताना हा आधार निम्मा करण्याइतकी ब्लॉकची भाववाढ होईल, असं मला वाटत नाही.

वेळेचा फायदा तुमच्या पत्रात आलेला नाही, तो मात्र जमेस धरा. एक 6 इंची ब्लॉक बऱ्याच विटांची जागा घेतो, भिंती लवकर उठतात. 20 लाख उचलले असतील तर महिन्याचं व्याज 14,167 आणि तुमचं भाडं 18,000. एक महिना आधी राहायला गेलात तर 32,000 वाचले.

साइटवर दोन गोष्टी स्वतः पाहा. एक, काटा आणून ब्लॉक तोला. 600 बाय 200 बाय 150 मिलिमीटरचा कोरडा एएसी ब्लॉक 10 ते 12 किलो भरतो. नवा, ओलसर असेल तर दोन-तीन किलो जास्त. कोरडा होऊनही 15-16 भरला तर तो बहुधा सीएलसी (फेस मिसळून केलेल्या काँक्रीटचा ब्लॉक) आहे. दिसायला सारखाच, पण वेगळा माल. आयएस 2185 भाग 3 या एएसी ब्लॉकच्या भारतीय मानकाचा मार्क आणि टेस्ट रिपोर्ट मागा. दोन, मिस्त्री ब्लॉक विटांसारखे टाकीत भिजवत असेल तर तिथेच थांबवा. एएसीवर फक्त पाणी शिंपडायचं असतं. भिजलेला ब्लॉक सुकताना आकसतो आणि भिंतीला तडे जातात. कॉलम-बीमला भिंत मिळते तिथे जाळी हवीच, बीमखालची फट लगेच भरायची नाही. तुमच्याकडे सिंहगडाच्या बाजूने पाऊस झोडपतो, त्यामुळे बाहेरचा प्लास्टर दोन कोटांचाच ठेवा, तिथे काटकसर नको.

किचनचं पुन्हा बघू, वरचा स्लॅब पडल्यावर. पण ओट्यामागची भिंत आत्ताच 6 इंची करून घ्या आणि कॅबिनेटवाल्याला ब्लॉकसाठीचे खास अँकर लागतील हे सांगून ठेवा. साध्या गिट्टी-स्क्रूवर भरलेलं वरचं कपाट किंवा गिझर या भिंतीवर टिकत नाही.