गुरूचं नाव बघून तिकीट काढायचं का?

प्रश्न : नमस्कार ताई, मी पुण्याची, सध्या नोकरीसाठी लंडनला. इथे पियानोचे एवढे कार्यक्रम असतात की काय बघू नि काय सोडू असं होतं, परवडतो महिन्याला एखादाच. प्रत्येकाच्या माहितीत असतं की हा अमक्याचा शिष्य, तो तमक्याचा, आणि तो थेट जुन्या काळच्या फ्रान्झ लिस्टचा. आपण घराणं बघून मैफिलीला जातो तसं इथे जावं का?

उत्तर : घराण्याच्या हिशोबाने गेलात तर फसाल. बेथोवनकडे चेर्नी शिकला, चेर्नीकडे लिस्ट आणि लेशेटिट्स्की, आणि ह्या दोघांनी इतकी मुलं शिकवली की आजचा जवळजवळ कुठलाही पियानिस्ट ओढूनताणून त्यांच्यापर्यंत नेता येतो, त्यामुळे ती ओळ माझ्या मते निम्मी जाहिरातच. बरं, एका गुरूचे शिष्य सारखं वाजवतात म्हणावं तर तेही नाही. व्हिएन्नात लेशेटिट्स्कीकडे पादेरेव्स्की, फ्रीडमन, श्नाबेल तिघंही शिकले, जुनी रेकॉर्डिंग्ज ऐका, तिघांची तोंडं तीन दिशांना. मॉस्कोत नॉयहाउसच्या हाताखालचे रिख्टर आणि गिलेल्स तसेच, त्यात रिख्टर १९३७ साली त्याच्याकडे आला तोच बराचसा आपलं आपण शिकून.

मग गुरू कशात दिसतो? मला वाटतं वाजवण्यापेक्षा काय वाजवायचं ह्याच्या निवडीत जास्त. श्नाबेल स्वतः सांगायचा की लेशेटिट्स्की त्याला म्हणाला होता, तू पियानिस्ट कधी होणार नाहीस, तू म्युझिशियन आहेस, आणि त्याने त्याला शूबर्ट ह्या संगीतकाराच्या सोनाटांकडे (एकट्या पियानोसाठीच्या, अनेक भागांच्या मोठ्या रचना) वळवलं, ज्या तेव्हा कोणी फारशा वाजवतच नव्हतं. ह्याच श्नाबेलने १९३० च्या दशकात बेथोवनच्या सगळ्या ३२ सोनाटा रेकॉर्ड केल्या, पूर्ण संच करणारा तो पहिला. त्याच्याकडे लिऑन फ्लायशर लहान असताना शिकला, पुढे १९६० च्या दशकात त्याच्या उजव्या हाताची बोटं आखडायला लागली, तर हा माणूस फक्त डाव्या हातासाठी लिहिलेलं संगीत वाजवत आणि बाल्टिमोरला पीबॉडी ह्या संगीत महाविद्यालयात शिकवत राहिला. (त्यातला रावेल ह्या फ्रेंच संगीतकाराचा कॉन्चेर्टो, म्हणजे ऑर्केस्ट्राबरोबर वाजवायची पियानोची रचना, ज्याच्यासाठी लिहिला तो पाउल विट्गेनश्टाइन पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेला, आणि तोही लेशेटिट्स्कीचाच विद्यार्थी!) फ्लायशरचा शिष्य जोनाथन बिस, त्यानेही ३२ च्या ३२ रेकॉर्ड केल्यात. तेव्हा बिसचं बेथोवन किंवा शूबर्ट लागलं असेल तर गुरूचं नाव कामाचं, एरवी नाही.

म्हणून आधी प्रोग्रॅम बघा, मग हॉल, मग माणूस. शूबर्टची शेवटची सोनाटा विगमोर हॉलमध्ये ऐका, १९०१ सालचा हॉल, सीट्स साधारण साडेपाचशे, अगदी हळू वाजवलेलंही शेवटच्या रांगेपर्यंत येतं. तेच रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये पैसे घालून ऐकू नका, ती जागा मोठ्या ऑर्केस्ट्राची. आणि वय पस्तिशीच्या आत असेल तर सवलतीची तिकिटं कुठे आहेत ते आधी शोधा, लाजू नका.

प्रश्न : स्पर्धा जिंकलेल्यांना प्राधान्य द्यावं का?

उत्तर : द्या, पण हरलेल्यांनाही विसरू नका. १९८० ला वॉर्सॉच्या शोपँ स्पर्धेत पोगोरेलिच फायनलआधीच बाहेर गेला, त्यावरून मार्था आर्गेरिच परीक्षकपद सोडून निघून गेली, आणि नाव त्याचंच जास्त गाजलं. त्या वर्षी जिंकलेला व्हिएतनामचा डांग थाय सॉन मात्र शांतपणे वाजवत-शिकवत राहिला आणि २०२१ ला जिंकलेला ब्रूस लिऊ त्याचा विद्यार्थी. मला विचाराल तर निकाल लागल्यावर लगेचच्या टूरचं तिकीट मी काढत नाही. बिचारे तेच तेच पीसेस गावोगाव वाजवून दमलेले असतात, दोन-तीन वर्षांनी स्वतःच्या मनाचा प्रोग्रॅम लावतात तेव्हा जावं.

प्रश्न : मुलगी बारा वर्षांची, नाशिकला पियानो शिकते, ग्रेडच्या परीक्षा देते. मुंबईला एनसीपीएला (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) पहिल्यांदा न्यायचंय. एकट्या पियानोचा कार्यक्रम की ऑर्केस्ट्रा?

उत्तर : ऑर्केस्ट्रा. सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ पासून तिथे आहे, त्यांच्या सीझनमध्ये एखादा पियानो कॉन्चेर्टो लागला की तो धरा, साधारण अर्ध्या तासाचा असतो, मुलं कंटाळत नाहीत, आणि मध्यंतरात दमली असेल तर सरळ घरी या, कोणी काही म्हणत नाही. तिच्या टीचरना विचारून त्यातली एखादी मूव्हमेंट (म्हणजे एक भाग) आधी घरी दोन-चारदा लावून ठेवा. सीट स्टेजकडे तोंड करून डावीकडची घ्या, पियानोच्या पट्ट्या आणि हात तिथूनच दिसतात, उजवीकडे बसलात तर नुसतं उघडं झाकण बघत बसाल.