गच्चीवरच्या भाजीवर सोसायटीचं भागेल का?

तुमचा प्रश्न असा आहे की सोसायटीत 40 फ्लॅट आहेत, गच्ची मोकळी पडली आहे, सगळ्यांनी मिळून भाजी लावली तर घरोघरी पुरेल का आणि असं काम किती दिवस टिकतं.

पुरणार नाही. माणशी दिवसाला 300 ग्रॅम भाजी धरा. 40 घरांत 160 माणसं म्हटली तर रोजची 48 किलो झाली. आम्ही पुण्यात, सिंहगड रोडला, 26 घरांनी मिळून सात वर्षांपूर्वी सुरुवात केली. आमचे सगळे वाफे मिळून 300 चौरस फूट भरतात आणि चांगल्या महिन्यात आठवड्याला 6-7 किलो भाजी निघते. म्हणजे प्रत्येक घराला एक जुडी. तरीही मी तुम्हाला लावाच म्हणेन. का ते सांगते, पण आधी वजनाचं बोलू, कारण तिथे चूक झाली तर पुढचं सगळं राहून जातं.

क्युबाची राजधानी हवाना, तिचं उदाहरण तुम्ही ऐकलं असेल. सोव्हिएत संघ 1991 साली कोसळल्यावर क्युबाची रसद तुटली आणि शहरातल्या मोकळ्या जागांवर भाजीचे वाफे उभे राहिले. पण ते जमिनीवर होते, जागा सरकारने दिल्या होत्या. आपल्या पायाखाली स्लॅब आहे. माणसं वावरतात अशी गच्ची बांधताना चौरस मीटरला साधारण 150 किलो वरचं वजन हिशोबात धरतात. ओल्या मातीचा सहा इंचांचा थर एकटाच 250 किलोच्या वर जातो. आम्हाला हे कुणी सांगितलं नाही. पहिल्या वर्षी एका नर्सरीवाल्याकडून लाल मातीची पोती आणली आणि सरळ फरशीवर ओतली. जुलैत वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या बेडरूममध्ये छत ठिबकू लागलं. त्यांचं गादी-पलंगाचं नुकसान झालं, आणि त्या एक शब्दही वाकडा बोलल्या नाहीत याचंच मला जास्त वाईट वाटलं. शिवाय ती लाल माती उन्हाळ्यात विटेसारखी घट्ट झाली ती वेगळीच.

मग सगळी माती उतरवली, वॉटरप्रूफिंग करून घेतलं, इंजिनियरला बोलावून बीम कुठून जातात ते खडूने आखून घेतलं. आता वाफे त्या रेषांवर आणि कठड्यालगत आहेत, खाली विटा लावून उचललेले, म्हणजे पाणी खालून वाहून जातं. मातीऐवजी मुख्यतः पालापाचोळा, रसवंतीवाल्याकडचं उसाचं चिपाड आणि ओल्या कचऱ्याचं खत. वर फक्त दोन बोटं माती. कोल्हापूरचे श्रीपाद अ. दाभोळकर आणि त्यांचा प्रयोग परिवार, म्हणजे स्वतः प्रयोग करून शिकणाऱ्या शेतकऱ्यांचं जाळं, हेच सांगत आले की माती आणायची नसते, पाल्यापासून घडवायची असते. चिपाड मात्र ताजं टाकू नका, गोडाला मुंग्या येतात. ते पाणी मारून, शेणाची स्लरी शिंपून महिना-दीड महिना कुजवा. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी जी बाग फुलवली, तिचं मूळही कँटीनच्या ओल्या कचऱ्यात होतं. कचरा जिथे तयार होतो तिथेच बाग, हे मला त्यातलं सगळ्यात शहाणपणाचं वाटतं.

आमच्याकडे रोज 10-12 किलो ओला कचरा जमतो. तो आता गेटबाहेर जात नाही. पहिल्या पावसाळ्यात खताच्या पेटीत पांढऱ्या-करड्या अळ्या झाल्या आणि निम्म्या सोसायटीने नाक मुरडलं. सुकी पानं आणि लाकडाचा भुसा वाढवला की वास आणि अळ्या दोन्ही आटोक्यात येतात. कचरा एक भाग, सुकं दोन भाग, डोळ्यांनी मोजलं तरी चालतं.

काय लावायचं? टोमॅटो आणि फ्लॉवरने सुरुवात करू नका. पालेभाज्या लावा: लाल माठ, आंबट चुका, मेथी, शेपू, अंबाडी. कठड्याला मायाळू आणि घोसाळी चढवा, कोपऱ्यातल्या ड्रममध्ये कढीपत्ता, ओलसर जागी अळू. माठ पंचवीस-तीस दिवसांत हाती येतो आणि खुडला तर पुन्हा फुटतो. लोकांचा उत्साह टिकायला असं लवकर हाती येणारं काहीतरी लागतंच. जास्वंदीवरून भेंडीवर पिठ्या ढेकूण, ही पांढरी कापसासारखी कीड, आला तेव्हा आम्ही निंबोळी अर्क मारला, पण खरा उपयोग झाला तो जास्वंद छाटल्याचा.

आता टिकण्याचं. भाजीपेक्षा माणसांचं वेळापत्रक अवघड. सुरुवातीला ज्याला वाटेल तो खुडायचा, त्यामुळे सकाळी लवकर उठणाऱ्यांची चंगळ आणि पाणी घालणाऱ्यांच्या हाती देठ. आता रविवारी सकाळी आठला सगळे मिळून खुडतो, जुड्या बांधतो, लिफ्टजवळच्या टेबलावर ठेवतो. पाण्याची पाळी मजल्याप्रमाणे. एप्रिल-मे मध्ये सगळे गावाला जातात, तेव्हा ठिबकच्या नळ्या आणि हिरवी जाळी नसती तर सगळं करपलं असतं. सात वर्षांत नियमित येणारी घरं नऊच राहिली, बाकीची सणासुदीला. नऊ पुरतात. 40 घरांकडून अपेक्षा ठेवू नका, आठ-दहा शोधा.

आणि हे सगळं कशासाठी, तर आमचं बाजारहाट करणं बदललं. शेपू उन्हाळ्यात कसा भराभर फुलावर येतो हे गच्चीवर पाहिल्यावर मे महिन्यात फ्लॉवर मागावासा वाटत नाही. माझ्या मुलाला घोळ ओळखता येते, जी आम्ही तण म्हणून उपटत होतो आणि कामाला येणाऱ्या मावशी पिशवीत भरून घरी नेत होत्या. त्यांनीच मला ती डाळ घालून करायला शिकवली. गच्चीवर होत नाही त्या बाकीच्या भाजीसाठी आम्ही सासवडकडच्या एका शेतकऱ्याशी बोललो. आठवड्यातून एकदा त्यांचा टेम्पो येतो, वाटाणा, घेवडा, दोडका, जे त्या आठवड्यात शेतात असेल ते. यादी ते पाठवतात, आम्ही नाही. 2016 साली राज्यात फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त झाला, त्यामुळे अशी थेट विक्री सोपी झाली आहे. परतताना त्याच टेम्पोतून आमचं जादा खत त्यांच्या शेतात जातं. तुमच्या 48 किलोंचं उत्तर मला इथे दिसतं: गच्चीवर पालेभाजी, बाकीचं जवळच्या एका ओळखीच्या शेतातून.

सुरुवात लहान करा, चार वाफे बास. आणि त्याआधी एक दिवस गच्चीवर दहा-बारा बादल्या पाणी ओता, अर्ध्या तासाने वर जाऊन बघा. जिथे पाणी साचलेलं दिसेल तिथे खडूने फुली मारा. तिथे वाफा नको.