हंड्रेड क्लबातली पंक रात्र: बँड तीन, उभं राहायच्या जागाही तीन

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लंडनला शिकायला आहात, ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या हंड्रेड क्लबचं तिकीट काढलंय, शेवटी सत्तरच्या दशकातला पंक (म्हणजे वेगवान, रांगडा रॉक वाजवणारा) बँड आणि त्याआधी दोन नवे. तिकिटावर साडेसात लिहिलंय, मग किती वाजता जायचं, कुठे उभं राहायचं आणि पुढच्या रेटारेटीत चष्म्याचं काय करायचं?

साडेसातलाच जा. आपल्याकडे गिगला (अशा कार्यक्रमाला) तासभर उशीर धरूनच निघतात, तो हिशेब इथे फसतो. अशा जागांना बहुधा अकराच्या आत वाजवणं थांबवावं लागतं, म्हणून वेळापत्रक शेवटाकडून उलटं आखतात. मुख्य बँड साडेनऊ ते पावणेअकरा, दुसरा आठ चाळीसला, पहिला आठच्या जरा आधी. मधली वीस मिनिटं सामान बदलायची. पंकचं गाणं दोन-अडीच मिनिटांचं, त्यामुळे नव्या बँडच्या अर्ध्या तासात दहा-बारा गाणी उरकतात. बाहेर कोपऱ्यावर बिअर संपवत बसलात तर निम्मा बँड गेला. नक्की वेळा बहुतेक बँड त्याच दिवशी दुपारी इन्स्टाग्रामवर टाकतात.

आता जागा. क्लब तळघरात आहे, माणसं मावतात साधारण ३५०, छत खाली, स्टेज बुटकं आणि मध्ये खांब. खांबामागे अडकलात तर रात्रभर अर्धाच बँड दिसेल. एवढ्या छोट्या खोलीत गिटारचा आवाज मुख्यतः स्टेजवरच्या ॲम्पमधून (गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या खोक्यातून) थेट अंगावर येतो, गाणाऱ्याचा मात्र पीएच्या, म्हणजे प्रेक्षकांकडे तोंड केलेल्या मोठ्या, स्पीकरमधूनच. म्हणून अगदी पुढे गिटार आणि ड्रम दणकून ऐकू येतात, शब्द चिखलात जातात. साउंडवाल्याच्या टेबलाजवळ गेलात की शब्द सुटे होतात, कारण तो तिथल्या कानाने मिक्स करत असतो.

पहिल्या बँडला पुढेच उभे राहा. गर्दी विरळ असते, आणि नव्या बँडची गंमत जवळूनच कळते. त्यांचा साउंडचेक (आवाज जुळवून बघणं) सगळ्यांत शेवटी, बऱ्याचदा घाईघाईत होतो. पहिली दोन गाणी गढूळ वाटली तर बँडला नावं ठेवू नका, टेबलावर अजून जुळवाजुळव चालू असते. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो तो वेगळाच, माणसं भरली की तो घुमणं आपोआप कमी होतं. दुसऱ्या बँडला बाजूने, खांब टाळून. मुख्य बँडला टेबलाजवळ, आणि पुढे घुसायचं असेल तर शेवटच्या वीस मिनिटांत. गाजलेली गाणी तेव्हाच येतात, नवीन अल्बमची मधे पेरलेली असतात.

जुन्या बँडमध्ये मूळचे किती उरले हे मोजत बसण्यात अर्थ नाही. यूके सब्जमध्ये १९७६ पासून सलग राहिलेला एकटा चार्ली हार्पर, जन्म १९४४चा. बझकॉक्सचा पीट शेली २०१८ मध्ये गेला, तेव्हापासून गाणी स्टीव्ह डिगल गातो. माझ्या मते कान ड्रमरवर ठेवावा. उतरत्या वयात गळा खाली येतो, मग बरेच बँड गिटार अर्धा सूर उतरवून लावतात. ते चालतं. लय ढिली पडली तर मात्र गाणं कोसळतं. आणि ज्यांना आज आपण जुने म्हणतो त्यांतले काही सप्टेंबर १९७६ मध्ये याच क्लबात दोन रात्रींच्या पंक फेस्टिव्हलला नवखे म्हणून उभे होते: क्लॅश, डॅम्ड, बझकॉक्स. त्यातल्या दुसऱ्या रात्री कुणीतरी फेकलेला ग्लास खांबावर फुटून एका मुलीच्या डोळ्याला इजा झाली होती. पुढे काचेचा ग्लास घेऊन जाऊ नका, प्लास्टिकचा मागून घ्या.

कानांचं गांभीर्याने घ्या. ब्रिटनमध्ये कामाच्या जागी वापरतात तो हिशेब असा: ८५ डेसिबलला आठ तास, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटं, आणि खालच्या छताच्या खोलीत सिंबलजवळ (ड्रमच्या धातूच्या थाळ्यांजवळ) १०० सहज ओलांडतं. फोमचे प्लग आवाज पुष्कळ कापतात, पण सिंबलची धार आणि शब्द आधी खातात. फिल्टरवाले, साधारण १५ ते २० डेसिबल कापणारे, बरे. फोमचेच असतील तर बारीक वळा, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढा, आत सारून अर्धा मिनिट बोटाने धरा. अर्धवट बाहेर राहिलेला प्लग नुसता शोभेचा. टिश्यूचे बोळे नकोत.

पिटमध्ये (म्हणजे स्टेजसमोरच्या उड्या-धक्क्यांच्या घोळात) नियम कुणी सांगत नाही, पण पाळतात सगळे. कोपर अंगाशी, हात छातीपुढे, पडलेल्याला आधी उचलायचं. कडेला उभ्या माणसाला आत ओढायचं नाही. जुन्या बँडच्या गर्दीत साठीतले लोक आणि त्यांचे गुडघे असतात. बुटांच्या नाड्यांना दुहेरी गाठ, फोन चेनच्या खिशात. चष्म्याला मागून पट्टा लावा, नाहीतर पिटपासून तीन-चार माणसं लांब राहा. खिशात ठेवलेला चष्मा हमखास मोडतो. जाड जॅकेट आणि बॅग क्लोकरूमला द्या आणि कोरडा टी-शर्ट बरोबर ठेवा. घामाने भिजून थंडीत बाहेर पडणं वाईट.

ओळखपत्र मूळ हवं. फोनमधला फोटो दारावर सहसा चालत नाही, आणि दर वेळी पासपोर्ट नेणं जिवावर येतं, म्हणून प्रोव्हिजनल (शिकाऊ) ड्रायव्हिंग लायसन्स काढून ठेवा. साधं पाणी बारवर फुकट मिळतं, मागायची लाज नको. नव्या बँडचा टी-शर्ट घ्यायचा तर त्यांचं वाजवून झाल्याझाल्या घ्या, मधले साइझ आधी संपतात, आणि तेव्हा बँडवालेच विक्रीच्या टेबलामागे उभे असतात.

परतताना टॉटनहॅम कोर्ट रोड स्टेशन चालत पाच-सात मिनिटांवर. शुक्रवारी-शनिवारी भुयारी रेल्वेच्या सेंट्रल आणि नॉर्दर्न लाइनच्या काही शाखा रात्रभर चालतात, एलिझाबेथ लाइन नाही. इतर दिवशी शेवटची गाडी आधीच बघून ठेवा.