लेथ हूं करतं, पण फिरत नाही

(कुडाळला मोटर वाइंडिंगचं, म्हणजे मोटरच्या आतल्या तारा नव्याने गुंडाळण्याचं, दुकान चालवणाऱ्या ताई या सदरात वाचकांच्या यंत्रांच्या तक्रारींना उत्तरं देतात.)

प्रश्न : ताई, आमचं सावंतवाडीला लाकडी फळं आणि पोळपाट-लाटणी कातण्याचं घरगुती काम आहे. लेथ पट्ट्यावर चालतं, मोटर सिंगल फेज, एक हॉर्सपॉवरची. पावसात शेड बंद होती. आता बटण दाबलं की मोटर नुसती हूं करते, फिरत नाही. पट्टा हाताने ओढून दिला की मात्र सुरू होते आणि मग दिवसभर चालते. वायरमन म्हणतो, मोटर जळली, रिवाइंडिंग करून घ्या. किती खर्च येईल?

उत्तर : खर्चाचं नंतर बघू. माझ्या धंद्याच्या विरुद्ध बोलतेय, पण जी मोटर हाताने ढकलल्यावर दिवसभर चालते ती पुरती जळलेली नाही. जळलेली मोटर वासावरून कळते, करपलेल्या वार्निशचा तो वास दुकानाबाहेरही येतो. तुमच्या पत्रात वासाचा उल्लेख नाही, म्हणून मला धीर आहे.

आधी एक काम बंद करा : हाताने पट्टा ओढणं. बोटांचा धोका तर आहेच. शिवाय अशा अवस्थेतली सिंगल फेज मोटर ज्या बाजूला ढकलाल त्या बाजूला फिरते. चुकून उलटी फिरली तर आट्यांवर बसवलेली फेसप्लेट किंवा चक (लाकूड धरणारी तबकडी किंवा जबडा) सैल होऊन लाकडासकट अंगावर येतो. आणि हूं करत असताना बटण दाबून उभं राहू नका. दोन सेकंदांत फिरली नाही तर सोडा. त्या वेळी मोटर नेहमीच्या पाच-सहा पट करंट खाते. तसंच दाबून ठेवलं तर वायरमनचं म्हणणं खरं व्हायला वेळ लागणार नाही.

आता कारण. सिंगल फेजमध्ये एकट्या मुख्य वाइंडिंगला रोटर (मोटरचा फिरणारा भाग) जागेवरून हलवता येत नाही, फिरता असेल तर फिरत ठेवता येतो. पहिला धक्का देण्यासाठी दुसरी, स्टार्टिंगची वाइंडिंग असते. तिच्यासोबत कंडेन्सर असतो. मोटरने साधारण पाऊण वेग घेतला की शाफ्टवरचा (मोटरच्या दांड्यावरचा) सेंट्रिफ्युगल स्विच, म्हणजे वेगाने आपोआप उघडणारा स्विच, ही जोडगोळी सर्किटमधून बाहेर काढतो. तुमच्याकडे हा पहिला धक्काच मिळत नाही, म्हणून संशयित तीनच : कंडेन्सर, तो स्विच आणि स्टार्टिंग वाइंडिंग.

त्याआधी पाच मिनिटांची तपासणी. प्लग काढा, लाकूड उतरवा, टेलस्टॉक (लाकडाला दुसऱ्या टोकाने टेकू देणारा भाग) मागे घ्या, पट्टा काढा. स्पिंडल (लेथचा लाकूड फिरवणारा दांडा) हाताने फिरवा, मग मोटरचा शाफ्ट वेगळा फिरवा. दोन्ही सुळसुळीत फिरले तर बेअरिंगचा दोष नाही. स्पिंडल अडला तर इंडेक्सिंगची पिन (स्पिंडल एका जागी अडकवणारी खीळ) आत राहिली आहे का बघा. पुष्कळदा तेवढंच निघतं आणि माणूस मोटर खांद्यावर घेऊन माझ्याकडे आलेला असतो.

यानंतर कंडेन्सर. टोपी फुगली असेल किंवा तेल गळलं असेल तर बदला. ठीक दिसला तरी मीटरवर तपासा, कारण बाहेरून चांगला दिसणाराही आतून मेलेला असू शकतो. हात लावण्याआधी होल्डरमधल्या शंभर वॅटच्या जुन्या तारेच्या बल्बच्या दोन वायरी त्याच्या टोकांना टेकवून तो रिकामा करा. स्क्रूड्रायव्हर आडवा धरून ठिणगी काढायची हौस अनेकांना असते, ती नको. नवा घेताना जुन्यावर छापलेलाच एमएफडी (मायक्रोफॅरड) आकडा घ्या. व्होल्ट तेवढेच किंवा जास्त चालतील. ‘जरा मोठा टाका, जोर येईल’ हा दुकानदारी सल्ला आहे.

पण तुमच्या बाबतीत माझा पहिला संशय स्विचवर आहे. मोटर पंख्याच्या बाजूने उघडा. आतल्या झाकणावर एक पट्टी दिसेल, तिच्यावर दोन छोटे पॉइंट, म्हणजे स्विचची एकमेकांना टेकणारी टोकं. शाफ्टवर स्प्रिंगची वजनं. लाकूड कातणाऱ्यांच्या मोटरीत इथे जे साचतं ते इतर कुठे बघायला मिळत नाही : पिठासारखा भुसा, त्यात लाखेची पूड आणि त्यावर पावसाळी ओल. सगळं मिळून कणकेसारखा थर होतो. पॉइंट मिटतच नाहीत. ब्रशने भुसा झाडा, पॉइंट झिरो नंबरच्या पॉलिश पेपरने हलके घासा, वजनं बोटाने उघडून सोडून बघा, झटकन परत आली पाहिजेत. तेल घालू नका, पुढच्या महिन्याचा भुसा त्याच तेलाला चिकटेल. चांगल्या मोटरीला बंद केल्यावर, वेग उतरताना ‘टक्’ असा आवाज येतो, तो पॉइंट परत मिटल्याचा. तो येत नसेल तर चोर सापडला.

स्टार्टिंग वाइंडिंगमध्ये मीटर काहीच दाखवत नसेल तरच रिवाइंडिंगचं बोलू. आणि मोटर उघडलीच आहे तर मेगर (इन्सुलेशन मोजायचं मीटर) लावून घ्या. वाइंडिंग आणि बॉडीच्या मध्ये एक मेगओहमपेक्षा कमी आलं तर मोटर ओली आहे. उन्हात ठेवा, ऊन नसेल तर जवळ शंभरचा तारेचा बल्ब पेटवून रात्रभर ठेवा.

शेडपर्यंत वायर कोणती आहे हे तुम्ही लिहिलं नाहीत. वीस मीटरची पाऊण एमएमची एक्स्टेंशन असेल तर सुरू होताना तिच्यातच तीसेक व्होल्ट खर्च होतात. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने घटतो : २३० च्या जागी १८० मिळाले तर धक्का ६१ टक्क्यांवर येतो. अडीच एमएमची वायर टाका.

प्रश्न : पुण्यात हौसेसाठी छोटं लेथ घेतलं आहे, बटणाने वेग कमी-जास्त होणारं. काल भाच्यांनी हाताळलं, आज अगदी गप्प. आवाज नाही, दिवा नाही.

उत्तर : भाचे आले म्हणजे लाल मश्रूमसारखं बटण दाबलेलं असणार. ते दाबलं की अडकून बसतं. बाणाच्या दिशेने फिरवा, वर येईल. तरी गप्प असेल तर वेगाचं बटण पूर्ण शून्यावर आणून मग स्टार्ट करा. बऱ्याच मॉडेलमध्ये मधल्या वेगावरून सुरू होण्याची सोय मुद्दाम ठेवलेली नसते. मग फ्यूज. दिवा लागतोय पण मोटर गप्प आहे असं झालं तर डीसी मोटरचे कार्बन ब्रश काढून बघा. पाच-सहा मिलिमीटरच उरले असतील तर दोन्ही एकदम बदला.

प्रश्न : लाइट गेली की लेथ थांबतं आणि आल्यावर आपोआप सुरू होत नाही. हिरवं बटण पुन्हा दाबावं लागतं. स्टार्टर खराब झाला का? सध्या हिरव्या बटणात आगपेटीची काडी खोचली आहे, काम चालतं.

उत्तर : काडी आजच काढा. स्टार्टर उत्तम आहे. त्यातली नो-व्होल्ट कॉइल लाइट जाताच सुटते, ती त्यासाठीच बसवलेली आहे. लाइट नसताना तुम्ही लाकूड बदलत असाल, पटाशी टेकणीवर ठेवलेली असेल आणि वीज आली तर? व्होल्टेज पडल्यावर स्टार्टर थरथरतो, तेही कॉइल पकडू शकत नाही म्हणून. काडीने तो आवाज थांबतो आणि कमी व्होल्टेजवर मोटर तापत राहते. ओव्हरलोड (करंट जास्त झाला की मोटर बंद करणारा स्टार्टरचा भाग) पुन्हापुन्हा सुटत असेल तर मोटरच्या पाटीवरच्या अँपिअरवर सेट करून बघा. तरी सुटत असेल तर स्टार्टर नाही, मोटर घेऊन या.