अवयवदानाला पाठिंबा देणारी माणसे ऐन वेळी नकार का देतात?

अवयवदान चांगले आहे असे बहुतेक जण म्हणतात, मग वेळ आल्यावर घरचेच नकार का देतात, आणि हयातीत नकार नोंदवला नसेल तर संमती गृहीत धरणारा कायदा केल्यास हा प्रश्न सुटेल का, असे आपण विचारले आहे. प्रत्यारोपण समन्वयक म्हणून अशा कुटुंबांशी बोलण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत. नकारामागे अज्ञान किंवा धर्म असतो असे सरसकट मानले जाते, परंतु माझ्या मते त्याहून मोठी कारणे दोन आहेत : अविश्वास, आणि गेलेल्या माणसाची इच्छा ठाऊक नसणे.

मेंदूमृत्यू, म्हणजे मेंदूचे काम कायमचे थांबल्याने झालेला मृत्यू, डोळ्यांना पटत नाही. व्हेंटिलेटरमुळे छाती वरखाली होत असते, अंग उबदार असते, हृदयाचे ठोके पडत असतात, आणि अशा वेळी डॉक्टर सांगतात की माणूस गेला. त्याच दमात अवयवांचा विषय निघाला, तर ‘यांना अवयवांचीच घाई आहे’ असे वाटणे स्वाभाविक आहे. म्हणूनच मृत्यू घोषित करणारे डॉक्टर प्रत्यारोपणाच्या पथकातले नसावेत हा नियम केवळ कागदी नाही.

हा विश्वास एकदा गेला की परत यायला किती काळ लागतो, हे जपानमध्ये दिसले. १९६८ मध्ये तेथे डॉ. जुरो वादा यांनी हृदय प्रत्यारोपण केले. दाता खरोखर मृत होता का, रुग्णाला त्या शस्त्रक्रियेची गरज होती का, अशा शंका उपस्थित झाल्या. खटला भरला गेला नाही, तरी संशय राहिला, आणि मेंदूमृत दात्याचे अवयव घेण्यास परवानगी देणारा कायदा तेथे १९९७ मध्ये झाला.

गृहीत संमतीबाबत स्पेनचे उदाहरण नेहमी दिले जाते, पण ते अर्धवट दिले जाते. कायदा १९७९ चा आहे; दानाचे प्रमाण मात्र वाढले ते १९८९ मध्ये राष्ट्रीय संस्था स्थापन होऊन रुग्णालयांत प्रशिक्षित समन्वयक नेमले गेल्यावर. व्यवहारात तेथेही कुटुंबाला विचारले जातेच.

दात्याचे कार्ड अवश्य भरावे, मात्र ते बहुधा पाकिटात राहते आणि निर्णय घेणाऱ्यांना त्याचा पत्ताही नसतो. घरात एकदा स्पष्ट सांगितलेले असेल, तर नातेवाइकांना अंदाज बांधावा लागत नाही. त्यातही नेमके काय द्यायचे नाही हे सांगून ठेवावे, कारण केवळ डोळे देण्याची कल्पना सहन न झाल्यामुळे सगळ्यालाच नकार देणारी कुटुंबे मी पाहिली आहेत. मूत्रपिंडे व यकृत द्यावे आणि डोळे राहू द्यावेत, असा होकारही देता येतो.