रानडुकराच्या परवानगीबद्दल: आधी पोच घ्या

तुम्ही विचारलंय की कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात स्वतःच्या शेतात आणि त्याला लागून असलेल्या गायरानात ससे, तितर, रानडुक्कर मारायला परवाना कुठून काढायचा, आणि वडिलांच्या नावची बंदूक त्याला चालेल का. आमचं जांबोटी भागात रताळ्याचं रान आहे आणि याच कामासाठी आम्ही कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्यात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी वकील नाही. वनखात्याचे आदेश अधूनमधून बदलतात, तेव्हा अर्ज करण्याआधी त्यांच्या रेंज ऑफिसात एकदा विचारून घ्या.

ससा आणि तितर डोक्यातून काढून टाका. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात हौसेखातर किंवा खाण्यासाठी शिकार करायचा परवानाच नाही. जमीन तुमची की गायरानाची, याने काही फरक पडत नाही. फासकी लावणं, जाळं टाकणं, हाका घालून जनावर उठवणं हीसुद्धा कायद्याने शिकारच. शिमग्याला अख्खं गाव रानात शिरायचं हे जुनी माणसं सांगतात, पण आज तेच केलं तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत तर कमीत कमी शिक्षाच तीन वर्षं. तिथे लेखी परवानगीशिवाय नुसतं हत्यार घेऊन शिरणं हाही गुन्हा आहे.

रानडुकराचं थोडं वेगळं आहे. उभ्या पिकाला धोका ठरलेल्या डुकराला मारायची परवानगी कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी देऊ शकतो. ती लेखी असते, कारणं नोंदवलेली असतात. गार्ड तोंडी ‘मारा, मी बघतो’ म्हणाला तर ती परवानगी नव्हे, उद्या तोच साक्षीदार म्हणून उभा राहील. चंदगडच्या पाहुण्यांनी महाराष्ट्राच्या वनखात्याचा कागद पाठवला तर तोही हद्दीच्या अलीकडे चालत नाही. २०१६ साली उत्तराखंडात काही जिल्ह्यांपुरतं आणि ठरावीक मुदतीसाठी डुकराला उपद्रवी जाहीर केलं होतं, म्हणजे कायद्याचं संरक्षण तेवढ्यापुरतं काढलं होतं. ते मेसेज अजून मोबाइलवर फिरतात, त्यावर जाऊ नका.

आता आमचं सगळ्यात जास्त नुकसान कशाने झालं ते सांगतो. डुकराने नव्हे, एका ऑफिसने. नाव लिहीत नाही. अर्ज घेऊन गेलो तर तिथल्या साहेबांनी तो हातातच घेतला नाही. उतारा अजून आजोबांच्या नावावर आहे, आधी पौती, म्हणजे वारसांच्या नावावर नोंद, करून आणा म्हणाले. ते काम नाडकचेरीत (इकडची महसूल कचेरी) सुरू केलं, तर पुढच्या खेपेला डुकरं गायरानातून येतात म्हणजे हा विषय आमचा नाही, दुसऱ्या ऑफिसात जा. दुसऱ्या ऑफिसने पुन्हा पहिल्याकडे धाडलं. प्रत्येक वेळी शब्द गोड, ‘माणूस पाठवतो’. तोवर रोज रात्री सरींवर सरी उलथल्या जात होत्या. शेवटी उरलेली रताळी तरी हाती लागावीत म्हणून आम्ही काढून घेतली, आणि मग पाहणीला माणूस आला. रिकाम्या रानात उभं राहून त्याने लिहिलं, नुकसान आढळले नाही. त्या एका ओळीने भरपाईही गेली आणि पुढच्या परवानगीचा आधारही गेला. वर तक्रार केली तर पहिला प्रश्न, अर्ज कधी दिला, पोच कुठे आहे? अर्ज घेतलाच नव्हता, मग पोच कुठून येणार? शेतकऱ्याचं पीक डोळ्यांदेखत जातं आणि कागदावर काहीच झालेलं नसतं, याचा राग मला आजही येतो. यात कुणाला साधी समजही मिळाली नाही.

म्हणून माझं ठाम मत: अर्जाच्या दोन प्रती न्या, एकीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर घ्या. घेत नसतील तर त्याच दिवशी पोस्टात जाऊन पोचपावतीसह स्पीड पोस्ट करा. नकार द्यायचा असेल तर लेखी द्या म्हणा. लेखी नकारावर वरच्या साहेबाकडे जाता येतं, तोंडी नकारावर कुठेच जाता येत नाही. उतारा सामाईक असेल तर सगळ्या हिस्सेदारांचं संमतिपत्र सोबत जोडा, त्यावरून अडवायला जागा ठेवू नका.

भाषेबद्दल विचाराल तर राज्यघटनेच्या ३५० व्या कलमाने तक्रारअर्ज मराठीत द्यायचा हक्क आपल्याला आहे आणि तो सोडू नये. पण पीक उभं असताना मी कन्नड अर्ज वर आणि मराठी प्रत खाली जोडून देतो. ‘वाचता येत नाही’ म्हणून आठवडा जाऊ देणं आपल्याला परवडत नाही. हे माझं मत, कुणाला पटणार नाही.

पुरावा सकाळीच गोळा करा, आपल्याकडचा पाऊस तासाभरात सगळं धुऊन नेतो. चिखलात डुकराच्या दोन खुरांच्या मागे बाजूला दोन बारीक ठसे उठतात. शेजारी विळा ठेवून फोटो काढा, म्हणजे माप कळतं. उसात चावून थुंकलेला चोथा पडलेला असेल तर तोही टिपा. साळिंदराचं खाणं वेगळं असतं, आसपास काटे सापडतात. पंचनाम्यात जनावर चुकीचं लिहिलं गेलं तर डुकराच्या परवानगीला तो कागद उपयोगाचा नाही. सही करण्याआधी वाचून घ्या, कन्नड येत नसेल तर येणारा माणूस सोबत न्या. भरपाईचा अर्ज वेगळा असतो, तोही त्याच दिवशी घाला.

बंदुकीचं: लायसन वडिलांचं आहे, तुमचं नाही. ती घेऊन तुम्ही एकटे राखणीला बसलात तर शस्त्र कायद्याचा वेगळा गुन्हा लागेल. नवीन लायसन काढायचं तर गाव अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत आहे का ते आधी बघा. असेल तर मुख्य वन्यजीव रक्षकांच्या संमतीशिवाय मिळत नाही. निवडणूक लागली की पोलीस बंदूक जमा करून घेतात, तिची पावती जपून ठेवा आणि निकालानंतर लगेच सोडवून आणा, नाहीतर ती ठाण्यातच पडून राहते.

परवानगी मिळून डुक्कर पडलं तरी ते सरकारचं. मांस वाटायचं नाही. विहिरीत पडून मेलेलं सापडलं तरी तेच, लगेच खात्याला कळवा.

आणि हात जोडून सांगतो, क्लच वायरची फासकी, गावठी बॉम्ब आणि मेन लाईनची उघडी तार यांच्या वाटेला जाऊ नका. फासकीत बिबट्या अडकतो, तारेला पहाटे पाणी सोडायला गेलेला आपलाच माणूस चिकटतो. त्यापेक्षा सोलरचं झटका मशीन घ्या. मात्र खालची तार जमिनीपासून वीतभरच ठेवा आणि तिच्याखालचं गवत कापत राहा, गवत टेकलं की झटका उतरतो.

तुमचा सर्व्हे नंबर जंगलाला लागून आहे की मध्ये गायरान आहे ते कळवा, म्हणजे पहिला अर्ज कुठे घालायचा ते सांगता येईल.